पत्रिका, फ्लेक्स आणि मेसेजमधले खटकणारे शब्द कसे टाळायचे

सोलापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईला द्यायचं काम आहे, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पुण्यतिथीचे बोर्ड, दुकानाच्या पाट्या सगळं येतंय. मॅटर बहुतेक व्हॉट्सॲपवरच येतं आणि त्यात ठरावीक शब्द चुकलेले असतेत, त्यावरून नंतर घरात वाद होतेत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. "काय करायलास बे", "लई भारी" ही आपली बोली आहे, चूक नाही. आणि आपल्या शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी माणसं आहेत, अक्कलकोटकडं कन्नड बोलणारी आहेत, त्यांच्याकडून कधी "तो चादर" होतं, त्यात खटकण्यासारखं काहीच नाही, आपल्याला त्यांची भाषा येते का? मी बोलतोय ते अर्थ उलटणाऱ्या किंवा कुणाला लागणाऱ्या शब्दांबद्दल.

सगळ्यात जास्त दुखावणारं म्हणजे "पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा". हे खरंच येतं, कारण जयंतीचं जुनं मॅटर कॉपी करून फक्त पहिला शब्द बदललेला असतो. जयंती म्हणजे जन्माचा दिवस, पुण्यतिथी म्हणजे गेल्याचा, तिथं शुभेच्छा कशा देणार? पुण्यतिथीला "विनम्र अभिवादन" लिहा. माणूस नुकताच गेला असेल तर "भावपूर्ण श्रद्धांजली". एकदा एका घरासमोर असा शुभेच्छांचा फ्लेक्स लागला होता आणि त्या घरातल्या मुलानं सकाळी स्वतः चढून तो उतरवला, ते बघितल्यापासून मी हे मॅटर दोनदा वाचल्याशिवाय प्रिंटला सोडतच नाही.

तसंच सौ. आणि श्रीमतीचं. नवरा हयात असलेल्या बाईला सौ. लावायची आपल्याकडं रीत आहे, नवरा वारलेल्या बाईच्या नावापुढं चुकून सौ. पडलं तर पत्रिका वाचताना त्या बाईला काय वाटेल याचा विचार करा. खात्री नसेल तर घरच्यांना विचारा, नाहीतर सरळ श्रीमती लिहा. आणि नवरीच्या नावाआधी "चि. सौ. कां." लिहायचं असेल तर कां वर अनुस्वार हवा, कारण तो सौभाग्यकांक्षिणी मधला कां आहे.

आता रोजच्या बोलण्यातले. "इथे शेंगा चटणी भेटेल" अशी पाटी करून द्या म्हणतेत, मी प्रत्येक वेळी सांगतो की माणूस भेटतो, वस्तू मिळते. चटणी मिळेल, पुस्तक मिळालं, नोकरी मिळाली. काही भागांत वस्तूलाही भेटली म्हणतेत, ते तिथल्या बोलण्यात राहू दे, पण पाटीवर "मिळेल" लिहिलं की कुणालाच खटकत नाही.

दुसरा "बोलला". "सर मला बोलले उद्या ये." आता आपल्याकडं "सर मला बोलले" म्हणलं की ऐकणाऱ्याला वाटतं सर रागावले! साधी युक्ती सांगतो, समोरच्याचे शब्द पुढं येणार असतील तर "म्हणाले", निरोप किंवा माहिती दिली असेल तर "सांगितलं", आणि नुसत्या गप्पा झाल्या असतील तर "आम्ही बोललो".

"आम्ही" आणि "आपण" ची गडबड हिंदीच्या "हम" मुळं होते. ऐकणारा सोबत असेल तर आपण, नसेल तर आम्ही. "आम्ही सगळे गड्ड्याला (म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला) जाऊ" असं मित्राला म्हणलात तर तो घरीच बसेल ना, त्याला वाटेल आपल्याला बोलावलंच नाही. मजा म्हणजे तेलुगूत हा फरक अगदी असाच आहे, मनमु म्हणजे आपण आणि मेमु म्हणजे आम्ही, त्यामुळं पूर्व भागातली माणसं इथं सहसा चुकत नाहीत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

हिंदीतून आलेलं मॅटर तर फार जपून वाचा. "मुलींच्या शिक्षेसाठी मदत करा", हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड, म्हणजे अर्थ कुठल्या कुठं गेला. "माझी मदत करा" नाही, "मला मदत करा".

"माझ्या अपरोक्ष ठरवलं" हे शिकलेले लोकपण लिहितेत. अक्ष म्हणजे डोळा, परोक्ष म्हणजे डोळ्याआड आणि अपरोक्ष म्हणजे डोळ्यासमोर, म्हणजे अगदी उलट. पण आता इतके जण उलटं वापरतेत की बरोबर लिहिलं तरी घोळ होतो, त्यापेक्षा "माझ्या माघारी" लिहा, किती छान शब्द आहे तो.

डबल शब्द काढून टाका: कृपया करून (कृपया म्हणजेच कृपा करून), गाईचं गोमूत्र, पिवळं पीतांबर.

शुद्धलेखनात फ्लेक्सवर सगळ्यात जास्त दिसतं ते "आर्शिवाद". मोठ्यानं म्हणून बघा, आ-शी-र्-वाद, र् हा वा च्या आधी येतो म्हणून रफार वा वर, आणि शी दीर्घ. "स्मृतीप्रित्यर्थ" नाही, स्मृतिप्रीत्यर्थ. महत्त्व, उज्ज्वल, तज्ज्ञ यांत जोडाक्षर डबल आहे. "दुरावस्था" नाही, दुरवस्था, कारण दुर् अधिक अवस्था.

आणि आपल्या गावाचं नाव तरी नीट लिहा. सोलापूर, पू दीर्घ. १९६२ साली शासनानं मान्य केलेल्या लेखनाच्या नियमांत गावाच्या नावातला पूर दीर्घ लिहा असं सांगितलंय आणि उदाहरणांत नागपूरसोबत सोलापूरच दिलंय. पण सोलापुरात, सोलापुरी चादर, इथं पु ऱ्हस्व होतो. सोलापूरकर मात्र दीर्घच.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं की मोबाईलवर नुसतं बघून ओके पाठवू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा, लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नसते. नावं आणि तारीख वेगळी तपासा, जमलं तर आजीला वाचून दाखवा, कुणाच्या नावापुढं काय लागतं ते तिला बरोबर माहीत असतंय.