गुळगुळीत काचेवर खरखर आणायची कशी

एक कंगवा घ्या आणि त्याच्या दातांवरून नख फिरवा. हळू फिरवलं की टक टक टक, भरभर फिरवलं की कर्रर्र, आणि नख थांबलं की सगळं गप्प. टेक्स्चर सिम्युलेशनचं, म्हणजे गुळगुळीत टॅबलेटवर पेन फिरवताना हाताला खऱ्या खरखरीचा भास देण्याचं, निम्मं काम इथेच कळतं. मी पहिल्यांदा केलं काय, तर पॉलिशपेपरवर पेन घासल्याचं रेकॉर्डिंग केलं आणि पेन टॅबलेटला टेकला की ते लूपमध्ये वाजवलं. हात थांबला तरी आतली गुरगुर चालूच, पॉलिशपेपर वगैरे काही नाही, सरळ फोन व्हायब्रेट होतोय असं वाटायचं. थोडक्यात, कंपन घड्याळावर नाही, हाताच्या हालचालीवर चाललं पाहिजे.

आधी पेन थरथरवणारी मोटर. जुन्या फोनमधली गरगर फिरणारी मोटर घेऊ नका, तिचा वेग वाढवला की फ्रिक्वेन्सी आणि जोर दोन्ही बरोबरच वाढतात, वेगळे करता येत नाहीत, आणि सुरू-बंद व्हायलाही वेळ खाते. एलआरए (स्प्रिंगवर वजन पुढेमागे हलवणारी छोटी मोटर) चपळ असतो पण तो आपल्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीपाशीच, म्हणजे रेझोनन्सपाशीच, नीट वाजतो. आपल्याला पाहिजे व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचाच भाऊ, एक्सायटर नावाने मिळतो तोही चालतो. कातडीखालची पॅसिनियन नावाची सेन्सर मंडळी साधारण ४० ते १००० हर्ट्झ पकडतात आणि २५० च्या आसपास सगळ्यात तिखट असतात, तेवढा पट्टा जमेल तितका सलग वाजला पाहिजे. एक्सायटर पेनाला घट्ट चिकटवा, सैल राहिला तर स्वतःच खडखडतो आणि तुम्ही कोडमध्ये बग शोधत बसता.

आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचा साधा पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झचा असतो, म्हणजे बरोब्बर हाताला जाणवेल असा, त्यामुळे टेक्स्चरच्या आधी तोच किणकिणतो. त्यापेक्षा टीन्सीसारखा बोर्ड आणि छोटा आयटूएस (डिजिटल ऑडिओ घेणारा) अँप्लिफायर घ्या आणि कंपन हा ऑडिओच आहे असं समजून ४४.१ किलोहर्ट्झला वाजवा.

आता मुख्य गंमत. समान अंतराच्या खाचा असतील तर फ्रिक्वेन्सी म्हणजे वेग भागिले दोन खाचांमधलं अंतर. १ मिलिमीटरच्या खाचा आणि सेकंदाला १०० मिलिमीटर वेग, झाले १०० हर्ट्झ. पण टॅबलेट सेकंदाला १२० वेळाच पोझिशन सांगत असेल तर दोन रिपोर्टमध्ये ८ मिलिसेकंद जातात, २०० च्या वेगाने हात तेवढ्यात दीड मिलिमीटरच्या वर सरकतो, म्हणजे मधली एक आख्खी खाच गायब! म्हणून पोझिशनवरून थेट वाजवायचं नाही. वेग काढा, थोडा स्मूथ करा (जास्त नको, लॅग जाणवतो), आणि प्रत्येक ऑडिओ सॅम्पलला फेज (लाटेत आपण कुठे आहोत ती जागा) थोडी पुढे ढकला, किती तर वेग भागिले अंतर भागिले सॅम्पल रेट. हात थांबला की वेग शून्य, फेज जागच्या जागी. फक्त एक करा, अँप्लिट्यूडला, म्हणजे कंपनाच्या जोरालाही वेगाने गुणा, म्हणजे थांबताना आवाज मधेच कापल्यासारखा वाटत नाही. पेनचं प्रेशर मिळत असेल तर त्यानेही गुणा, पण हलक्या हाताने, नाहीतर जरा दाबलं की हातात भूकंप.

पॉलिशपेपर, कापड, लाकूड यांना असा साचा नसतो, त्यांचं रेकॉर्डिंगच करायला लागतं. पेनाच्या टोकाजवळ अ‍ॅक्सेलरोमीटर (कंपन मोजणारा सेन्सर) चिकटवा, एडीएक्सएल३४५ चालतो, तो सेकंदाला ३२०० सॅम्पल देतो. हळू, मध्यम, भरभर आणि प्रत्येकी हलकं नि दाबून, असे सहा टेक घ्या. तीन अक्ष बघून घाबरू नका, एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला कंपन कुठल्या दिशेचं आहे हे हाताला फारसं कळत नाही, सगळ्यात जोरदार अक्ष घेतला तरी सुरुवातीला भागतं. मग प्रत्येक टेकवरून एक ऑटोरिग्रेसिव्ह फिल्टर (आधीच्या सॅम्पलांवरून पुढचा काढणारा, त्या टेकची खरखर शिकलेला) बनवा आणि त्यातून व्हाइट नॉइज, म्हणजे नुसता फस्स असा रँडम आवाज, सोडा, म्हणजे लूप ऐकू येत नाही, खरखर दर वेळी नवी असते. पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या २०१४ च्या हॅप्टिक टेक्स्चर टूलकिटमध्ये १०० पृष्ठभाग याच पद्धतीने बनवलेत. वेग बदलला की दोन फिल्टरांच्या मधलं काहीतरी लागतं, तिथे कोएफिशिएंट (फिल्टरचे आकडे) सरळ मिसळू नका, फिल्टर बिथरू शकतो. माझा बिथरला तेव्हा पेन किंचाळला आणि मी तो टेबलाखाली फेकला. आधी ते लाइन स्पेक्ट्रल फ्रिक्वेन्सीमध्ये (तेच आकडे फ्रिक्वेन्सींच्या रूपात लिहिण्याची पद्धत) बदला, तिथे मिसळा, परत आणा.

एक गोष्ट यातून होणार नाही, ती म्हणजे बोट अडखळल्याचं किंवा सटकल्याचं फीलिंग, रबर विरुद्ध काच असं. ते घर्षण आहे, त्याला इलेक्ट्रोव्हायब्रेशन (विजेच्या ओढीने बोटाचं घर्षण वाढवणं) किंवा अल्ट्रासॉनिक काच (ऐकू न येणाऱ्या कंपनाने घर्षण कमी करणारी) लागते. इलेक्ट्रोव्हायब्रेशन कसं सापडलं माहितीये? दिवा चालू असताना पितळी होल्डर कमी गुळगुळीत लागतो हे मॅलिनक्रॉट आणि मंडळी या संशोधकांच्या लक्षात आलं, ते १९५३ ला छापून आलं. टेस्लाटच हे टचस्क्रीनचं तंत्र २०१० चं, त्याच तत्त्वावर. हाय व्होल्टेज असतं, घरी करून बघू नका.

टेस्ट करताना समोरच्याच्या कानाला हेडफोन लावा आणि त्यात नॉइज सोडा, कारण एक्सायटरचा आवाज ऐकून लोक हाताऐवजी कानाने उत्तर देतात. खरा पॉलिशपेपर आणि तुमचा खोटा, दोन्ही त्याच पेनाने, न दाखवता द्या. आणि त्याला मुद्दाम मधेच थांबायला सांगा, वेगाचं स्मूथिंग जास्त झालं असेल तर हात थांबल्यावरही उरलेली कंपनाची शेपूट तिथेच पकडली जाते.