माळ साफ करताना या चुका टाळा, सशाच्या मुळावर येतात

वेडी बाभूळ, म्हणजे माळावर माजणारं ते परदेशी काटेरी झाड, काढलीच पाहिजे, यात वाद नाही. ती दाटली की खाली गवत उगवत नाही, मग ससा खाणार काय? पण दर उन्हाळ्यात कुणीतरी जेसीबी आणतं आणि त्याच त्या चुका करतं. बघून बघून वीट आलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अख्खा माळ एका दमात मोकळा करणं. आमच्या भागातल्या एका गायरानात पोरांनी "चार दिवसांत उरकू" म्हणत मशीन लावलं. बाभळीबरोबर बोराटी, तरवड, हेंकळ, सगळं उपटून निघालं. "ससे बिळात जातील की," असं वर मलाच ऐकवलं. अहो, आपल्याकडचा ससा बीळ करत नाही! दिवसभर झुडपाच्या बुडाशी अंगाच्या मापाचा खळगा करून बसतो, रात्री उघड्यावर चरतो. झुडूप गेल्यावर वरून ऊन आणि गरुड, खालून गावची कुत्री. त्या वैशाखात कुत्र्याच्या तोंडातून सोडवलेला एक ससा मी हातात घेतला. कणा बोटांना लागत होता, कानामागे गोचिड्या द्राक्षांच्या घडासारख्या लटकलेल्या. आधीच आजारी असेल, असं कुणी म्हणालं. असेलही. पण दिवसा बसायला सावली नाही, सतत उठून पळायचं, तर अंगावर मांस चढणार कुठून?

आणि एवढं करून पावसाळ्यात काय? जनावरांच्या शेणातून पडलेलं बाभळीचं बी उकरलेल्या मातीत तरारून आलं.

मी पट्टे पाडतो. यंदा एक पट्टा साफ, शेजारचा तसाच. माणसं लावण्याआधी बोराटी-तरवडाला लाल चिंधी बांधतो, कारण हातात कोयता आला की झाडाची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. वेळ लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी घरची बाग साफ करावी.

बाभूळ गुडघ्याएवढी तोडून सोडू नका, बुंध्यापासून झुबका फुटतो. जमिनीखाली वीत-दीड वीत खणून मुळाचा गड्डाच काढावा लागतो. घाम गाळायला पर्याय नाही.

टू-फोर-डी या तणनाशकाचा सरसकट फवारा नको. गवत राहतं, रुंद पानांच्या वनस्पती जातात. गवत वाळून नुसती कुसळं उरतात तेव्हा सशाचा ओला चारा त्याच असतात.

"जाळलं की गवत जोमात येतं" म्हणून काडी लावणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. एवढंच सांगतो, सशाची पिल्लं जन्मतः डोळे उघडी, लव असलेली असतात, पण धोका आला की पळत नाहीत, जागच्या जागी दबून राहतात. आगीपुढे दबून काय होणार?

एकटं पिल्लू दिसलं की उचलून आणणारे दयाळू लोक वेगळेच. आई दिवसा जवळ नसते, अंधार पडल्यावर पाजायला येते. घरी आणून गाईचं दूध पाजलं की हगवण लागते आणि बहुतेक वेळा मरतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

साफ केलेल्या माळावर लगेच खड्डे घेऊन गिरिपुष्प लावू नका. पवना, मारवेल ही गवतं आपोआप येऊ द्या.

सशाची वीण वर्षभर चालते, त्यामुळे "कोणता महिना सुरक्षित?" हे मला विचारू नका. काम सुरू करायच्या सकाळी ओळ धरून, काठीने गवत बाजूला सारत पट्टा चालून घ्या. कुत्री घरी बांधून या.