सोलापूरच्या उन्हात आणि गतिरोधकांवर सेडानची तुलना

मिड-साइज सेडान घ्यायची तर आधी हा शब्द समजून घ्या. अमेरिकेत ‘मिड-साइज’ हे गाडीच्या लांबीवरून ठरत नाही. तिथल्या सरकारी वर्गवारीत बसायची जागा आणि डिकी मिळून ११० ते ११९ घनफूट भरली तर मिड-साइज, १२० किंवा त्याहून जास्त भरली तर मोठी गाडी. आपण होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस या साधारण साडेचार मीटरच्या गाड्यांना मिड-साइज म्हणतो. तिकडची मिड-साइज टोयोटा कॅमरी ४.९ मीटरची आहे. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून इथल्या मागच्या सीटचा अंदाज बांधू नका.

तुलना मॉडेलची नको, व्हेरिएंटची म्हणजे त्याच्या नेमक्या आवृत्तीची करा. शोरूममध्ये उभी असते ती बहुतेक वेळा सर्वांत वरची आवृत्ती. आधी ऑन-रोड रक्कम ठरवा आणि तेवढ्या रकमेत प्रत्येक कंपनीची कोणती आवृत्ती बसते ते लेखी कोटेशनवर घ्या. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, विमा, अ‍ॅक्सेसरीज अशा ओळी वेगवेगळ्या लिहून मागा. ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर काढायला लावा. नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घेतला पाहिजे असं नाही. बाहेरचं एक कोटेशन हातात ठेवा, फरक लगेच कळतो.

आता ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते. स्लाव्हिया आणि व्हर्टसचा आकडा १७९ मिमी, सिटीचा १६५. हा आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शिवाय व्हीलबेस बघा: व्हर्नाचा २६७० मिमी, सिटीचा २६००. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं हे अंतर वाढलं की तेवढ्याच उंचीवरसुद्धा पोट गतिरोधकाच्या जास्त जवळ येतं. टेस्ट ड्राइव्हला आपण दोघंच बसतो, म्हणून काही घासत नाही. अक्कलकोटला पाच जण आणि सामान घेऊन निघालं की खालून आवाज येतो. म्हणून घरचे पाच जण बसवा, डिकीत ४०-५० किलो ठेवा आणि विजापूर रोडच्या आतल्या गल्लीतला एखादा उंच, अरुंद गतिरोधक चालण्याच्या वेगाने सरळ ओलांडा. तिरकं काढू नका, कारण तिरकं काढलं की चाकं एकेक करून चढतात आणि खरी अडचण लपते. इमारतीच्या पार्किंगचा उतारही करून बघा, तिथे पुढचा बंपर घासतो.

एसीची चाचणी एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोननंतर घ्या. सकाळी अकराच्या आत सगळ्याच गाड्या गार वाटतात. गाडी तासभर उन्हात ठेवायला सांगा. काचा उघड्या ठेवून दोन मिनिटं चालवा, मग काचा लावून एसी पूर्ण सोडा आणि हवा आतल्या आत फिरण्यावर टाका. साधा थर्मामीटर आधी मधल्या झडपेत आणि नंतर मागच्या सीटवर ठेवा. दहा मिनिटं चालवून आणि दहा मिनिटं उभी ठेवून, दोन्ही आकडे लिहून घ्या. उभ्या गाडीत एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरला फक्त पंख्याचीच हवा मिळते. तिथे गारवा कमी पडला तर सात रस्त्याच्या सिग्नलला रोज घाम फुटणार. हवेशीर सीटवर फार भाळू नका. ती गाडीतलीच हवा फिरवते, त्यामुळे आत गार होईपर्यंत तिचा उपयोग नाही. सनरूफच्या काचेतून ऊन किती झिरपतं, तेही पडदा लावून बघा.

इंजिनात पीएसपेक्षा (कमाल शक्तीचा आकडा) टॉर्क, म्हणजे ओढ, कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मिळतो ते वाचा. सिटीचं १.५ लिटर, टर्बो नसलेलं इंजिन १२१ पीएस देतं, पण १४५ एनएम टॉर्क ४३०० आरपीएमला. स्लाव्हियाचं १ लिटर टर्बो ११५ पीएसचं आहे, तरी १७८ एनएम १७५० पासून मिळतो. तुळजापूरच्या घाटात भरल्या गाडीने ट्रक ओलांडताना सिटीचा गिअर खाली आणावा लागतो. शहरात मात्र सिटीचा सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअर) संथ गर्दीत सुखाचा. स्लाव्हिया, व्हर्टसच्या १.५ लिटर ऑटोमॅटिकमध्ये दुहेरी क्लच आहे. तो रांगत्या गर्दीत तापतो, म्हणून पंधरा मिनिटं नवी पेठेत रांगत चालवून धक्के येतात का पाहा.

सिटीची चालक-साहाय्य प्रणाली कॅमेऱ्यावर चालते, व्हर्नात रडारही आहे. गळीत हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्यांच्यासाठी कोणत्याही प्रणालीवर विसंबू नका. त्याऐवजी रात्री टेस्ट ड्राइव्ह मागा आणि हेडलाइटचा झोत किती लांब जातो ते तपासा.

डिकीचे आकडे जवळपास सारखे आहेत: ५०६, ५२१, ५२८ लिटर. आपली मोठी बॅग नेऊन तोंडातून आत जाते का ते पाहा, एवढं पुरे.

ताबा घेण्याआधी टायरवरचा चार अंकी आकडा वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. पाचवा टायरही बघा. जुना निघाला तर पासिंगच्या आधीच बदलून मागा. नंबर पडल्यावर शोरूम सहसा ऐकत नाही.