मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा

आमचे मामंजी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला, म्हणजे किडनीऐवजी मशीनने रक्त साफ करून घ्यायला, जायचे. नागपूरच्या सक्करदऱ्याहून ऑटोने जायचं, चार-चार तास मशीनवर. पाय सुजेपर्यंत त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. ते गेले आणि त्याच वर्षी यांचं वरचं बीपी 160 निघालं. किडनी जाण्याची सगळ्यात मोठी कारणं दोन, शुगर आणि बीपी. बीपी वाढवायला माझ्या हातचं मीठही होतंच.

म्हणून पहिलं काम हे करा: मिठाचा पुडा फोडला की पेनाने त्यावर तारीख टाका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात चौघं मोठी असली तर किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरायला हवा. आमचा 26 दिवसांत संपला. त्यात लोणचं, पापड, खारोडी, शेव धरलेलेच नव्हते!

एकदम कमी केलं तर ताटं तशीच परत येतात. मी आधी कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद केलं. कोणाला कळलंही नाही. मग ताटात डावीकडे मीठ वाढणं थांबवलं, लिंबाची फोड तेवढी ठेवली. वरणात आता मीठ उतरवल्यावरच घालते, जेवढं घालायचे त्याच्या निम्मं, वरून लिंबू आणि जिऱ्याची फोडणी.

सावजी सोडवत नाही, मला कळतं. महिन्यातून एकदा खा, पण फोडी खा, रस्सा वाटीत राहू द्या. तर्री पोह्यांवर तर्री थोडीच मागा.

सैंधव, काळं मीठ म्हणून हात मोकळा सोडू नका, सोडियम त्यातही आहे. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, अशक्त किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही, म्हणून किडनी आधीच अशक्त असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणूच नका. अशा माणसाने आपली संत्रीही विचारूनच खावीत, पोटॅशियम त्यांतही असतं. आणि मे महिन्याच्या उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्या किडनीला बाधू शकतात. मामंजी घ्यायचे.

बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन), दोन्ही तपासून घ्या.

आमच्या या वेळच्या पुड्यावर 9 जून लिहिलं होतं. तो 23 जुलैला संपला, 44 दिवस. लोणच्याची बरणी अजून जेवताना समोरच असते. नवा पुडा फोडते त्या दिवशी ती माळ्यावर चढवणार आहे.