आरशाला दोष देण्याआधी टोक पुसा

मायक्रोमिरर स्विच, म्हणजे इवल्या आरशांनी प्रकाश एका फायबरमधून (काचेच्या तंतूतून) दुसऱ्यात वळवणारी पेटी, टेबलावर आला की नवी मुलं थेट आज्ञा पाठवायला बसतात. मी आधी फायबरची टोकं पुसायला लावते. प्रकाश जातो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. धुळीचा एक कण पुरे. आणि लेसर चालू असताना टोकात डोकावू नका. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते.

मग स्विच न जोडता लेसर सरळ पॉवर मीटरला लावा. समजा -3.0 डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आलं. आता तोच प्रकाश स्विचमधून न्या; -4.6 आलं, तर 1.6 डीबी घट. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पोर्टच्या प्रत्येक जोडीची नोंद वहीत हवीच.

आरसा वळून स्थिरावायला काही मिलिसेकंद लागतात. आज्ञेनंतर मी 50 मिलिसेकंद थांबते, मगच आकडा घेते. (म्हणूनच हे स्विच डेटाच्या प्रत्येक तुकड्यागणिक (पॅकेटागणिक) वळवत नाहीत, अख्खी वाट बदलतात.)

एकाच पोर्टवर घट वाढली? मी एकदा दोन दिवस आरशाला शिव्या घातल्या. हिरव्या, 8 अंश तिरक्या कनेक्टरसमोर कुणीतरी निळा, सपाट लावला होता; टोकं नीट जुळत नव्हती. तो कुणीतरी म्हणजे मीच.