घोडीच्या खुराचा वास

सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली घोडी ऐन पावसाळ्यात मागचा उजवा पाय टेकवायला कचरू लागली. मला वाटलं, खिळा रुतला. नालबंदानं खूर उचलला आणि म्हणाला, "दादा, जरा वास घ्या." तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचेत काळा, सडका लगदा! चूक माझीच. घोडी बांधायच्या ठाणात मूत मुरत होतं, खाली आमची काळी माती. मुरूम टाकून उतार काढला, वर कोरडा भुसा. रोज संध्याकाळी खूर साफ करून, कोरडा पुसून, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचा बोळा खाचेत दाबायचो. (कापसाला खान्देशात काय तोटा!) डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. दोन आठवड्यांत वास गेला. आता खराऱ्याआधी खूर बघतो.