ड्रोन-स्कॅनमधली फाटकी मेश थ्रीडी प्रिंटसाठी कशी सांधावी

मेश, म्हणजे त्रिकोणांनी विणलेलं मॉडेलचं जाळं, प्रिंट होत नाही म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, ‘ऑटो रिपेअर दाब, होऊन जाईल.’ सुरुवातीलाच हे अजिबात करू नका. त्या बटणाला भेग आणि झरोका यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही लिंपून टाकतं.

आधी सहनिर्देशकांचे, म्हणजे बिंदूंची जागा सांगणारे, आकडे लहान करा. पुण्याच्या आसपास यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीतलं उत्तरेचं अंतर २० लाख मीटरच्या वर भरतं. बायनरी एसटीएल ही प्रिंटसाठीची फाइल प्रत्येक सहनिर्देशक ३२ बिटांत साठवते, त्यामुळे एवढ्या मोठ्या आकड्यावर दोन शेजारच्या किमतींत १२.५ सेंटिमीटरचं अंतर पडतं. स्कॅन केलेल्या बुरुजाचे चिरे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते म्हणूनच. हा मोठा आकडा सगळ्या बिंदूंमधून एक्सपोर्ट करण्यापूर्वीच वजा करायचा. नंतर वजाबाकी करून गेलेला तपशील परत येत नाही.

आता बिंदू सांधणं. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जायचा. एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोण आपले तीन बिंदू स्वतंत्र लिहितो. शेजारी कोण, याची नोंदच नसते. मेशलॅब हे मेश दुरुस्तीचं सॉफ्टवेअर फाइल उघडताना तंतोतंत जुळणारे बिंदू एक करतं, पण केसभर सरकलेले तसेच राहतात. त्यांच्यासाठी ‘मर्ज क्लोज व्हर्टिसेस’ वापरा. अंतर किती द्यायचं? ‘थोडं वाढवून बघ’ हा सल्ला घातक आहे, कारण अंतर जास्त झालं की पातळ भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. सर्वांत पातळ भिंत मोजा आणि तिच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नका. सुरुवात त्याहून कितीतरी लहान अंतराने करा.

प्रत्येक वेळी बिंदू मोजा. बंद मेशमध्ये बिंदू त्रिकोणांच्या साधारण निम्मे असतात. साधा घन घ्या: १२ त्रिकोण, सुटे बिंदू ३६, सांधल्यावर ८. म्हणजे २ लाख त्रिकोणांचे सुटे ६ लाख बिंदू १ लाखाच्या आसपास यायला हवेत. तळ उघडा असेल तर थोडे जास्त राहतील, आणि आरपार झरोका असेल तर प्रत्येकामागे २ कमी होतील. आकडा निम्म्याच्या बराच खाली घसरला, तर भिंती चिकटल्या, मागे फिरा.

प्रत्येक कडेला नेमके दोनच त्रिकोण हवेत. मग कुठल्या कडेला दोनाहून जास्त लागलेत का ते ‘सिलेक्ट नॉन मॅनिफोल्ड एजेस’ने तपासा. तीन-तीन त्रिकोण लागलेल्या कडांजवळचे त्रिकोण उडवा आणि ‘क्लोज होल्स’ लहान मर्यादेने चालवा. उघडा तळ त्यावर सोपवू नका. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ‘बायसेक्ट’ने सपाट कापा आणि ‘फिल’ चालू ठेवा.

तिथेच ‘फेस ओरिएंटेशन’ लावा. लाल म्हणजे उलट्या तोंडाचा त्रिकोण. बाहेरून कुठेच लाल दिसेनासं होईपर्यंत ते भाग उलटवा.

एसटीएलमध्ये एकक नसतं आणि स्लायसर, म्हणजे प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, आकडे मिलिमीटर धरतो, तेव्हा मीटरमधल्या मॉडेलची १:२०० प्रतिकृती हवी असेल तर ५ ने गुणा.